चार ओव्या की 10,962? ‘ख्रिस्तपुराण’ वाचताना मी केलेली चूक



आज थोडा वेगळा लेख. पेटचा अभ्यासक्रम नाही, संदर्भसूचीचं तंत्रही नाही. एका ग्रंथाबद्दल लिहिणार आहे आणि तो ग्रंथ मी आधी किती चुकीचा वाचला होता त्याबद्दलही. ज्यांचं सिनॉप्सिस अजून व्हायचं आहे त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा. कदाचित तुमचे सहा महिने वाचतील. माझे गेले.

ग्रंथ आहे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’. नाव सगळ्यांना माहीत असतं. शाळेत मराठीच्या थोरवीच्या चार ओव्या वाचलेल्या असतात. त्यांत रत्नाचा, फुलाचा, सुगंधाचा, पक्ष्याचा, झाडाचा दाखला देत मराठी ही भाषांमध्ये कशी उजवी ते सांगितलं आहे. दर 27 फेब्रुवारीला त्या ओव्या आपल्या मोबाईलवर फिरतात. खाली एक ओळ असते : एका परक्या माणसाने मराठीवर केलेलं प्रेम.

माझ्या पहिल्या आराखड्याचा विषयही नेमका हाच होता. परक्या संस्कृतीत येऊन तिथली भाषा आपलीशी करणारा मिशनरी, असं काहीतरी शीर्षक होतं. सादरीकरण चांगलं चाललं होतं. मग समितीतल्या एका बाईंनी विचारलं, “या ओव्या तुम्ही कुठल्या प्रतीवरून घेतल्या?” मी एका निवडक वेच्यांच्या पुस्तकाचं नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसरा प्रश्न विचारला, “आणि या ओव्यांच्या आसपास काय आहे?”

मला सांगता येईना. कारण मी चारच ओव्या वाचल्या होत्या. ‘ख्रिस्तपुराणा’त पहिल्या भागात 36 अवस्वरू म्हणजे अध्याय आणि 4,181 ओव्या आहेत, दुसऱ्यात 59 अवस्वरू आणि 6,781 ओव्या. एकूण 10,962. त्यांतल्या चारांवर मी पीएच.डी. करायला निघाले होते.

आराखडा परत आला. तेव्हा वाईट वाटलं, आता वाटत नाही. खाली जे लिहिते आहे ते त्यानंतरच्या वाचनातून आलेलं आहे.

आधी माणूस

स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमाराचा, इंग्लंडमधल्या विल्टशायरचा. त्यांचं तारुण्य एलिझाबेथ राणीच्या काळात गेलं. कॅथलिक असणं तिथे धोक्याचं झालं होतं. धर्मग्रंथ लपवून ठेवावे लागत, पाद्री वेषांतर करून फिरत. स्टीफन्स यांचा जिवलग सोबती थॉमस पाऊंड धर्मासाठी तुरुंगात गेला आणि त्याच्या आयुष्याचा मोठा काळ तिथेच सरला. स्टीफन्स निसटले, रोमला गेले, 1575 मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. लिस्बनहून जहाजाने निघून ऑक्टोबर 1579 मध्ये गोव्याला पोचले. प्रवासाचं वर्णन करणारं वडिलांना लिहिलेलं त्यांचं पत्र प्रसिद्ध आहे. पुढची चाळीस वर्षं, म्हणजे 1619 मध्ये मरण येईपर्यंत, ते गोव्यातच राहिले. त्यांतला मोठा काळ सासष्टी प्रांतात गेला.

आता या आयुष्यातला पेच बघा. हा माणूस अशा देशातून आला जिथे त्याच्या धर्मावर बंदी होती. आणि अशा प्रदेशात पोचला जिथे त्याच्याच धर्माची सत्ता दुसऱ्यांच्या धर्मावर बंदी घालत होती. सासष्टी 1543 पासून पोर्तुगीजांकडे होती. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन बसलं. 1567 च्या सुमारास सासष्टीतली देवळं पाडली गेली. हिंदूंचे धर्मग्रंथ बाळगणं, पुराणं वाचणं, उत्सव करणं यांवर बंधनं आली.

स्टीफन्स आल्यावर चारच वर्षांनी, 25 जुलै 1583 रोजी, कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं. त्यांचे पुढारी होते रुडॉल्फ अक्वाविवा, जे नुकतेच अकबराच्या दरबारातून परतले होते. चर्चच्या इतिहासात ही पाच माणसं हुतात्मे आहेत. कुंकळ्ळीच्या इतिहासात दुसरी बाजू आहे : मोडलेली देवळं, आणि नंतर बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारले गेलेले गावचे प्रमुख. मारल्या गेलेल्या जेझुइटांची प्रेतं परत मिळवण्याच्या खटपटीत स्टीफन्स होते, असं त्यांच्या चरित्रांत येतं.

त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला स्टीफन्स यांनी भावाला एक पत्र लिहिलं. भाषाविज्ञानाच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख हमखास असतो, कारण इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे असं त्यात नोंदवलेलं आहे. विल्यम जोन्स यांचं प्रसिद्ध भाषण 1786 चं, म्हणजे हे पत्र त्याआधी दोनशे वर्षांचं.

मी आधी हे पत्र ‘भाषाप्रेम’ या कप्प्यात टाकलं होतं आणि कुंकळ्ळी ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’ या कप्प्यात. दोन वेगळी प्रकरणं. पण दोन्हींमध्ये तीन महिन्यांचं अंतर आहे आणि माणूस एकच आहे. प्रकरणांची मांडणी करताना आपण कधीकधी अशी भिंत बांधतो की, त्या भिंतीनेच निष्कर्ष ठरून जातो. हा पहिला धडा.

ती मागणी

समितीतल्या बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ग्रंथाच्या सुरुवातीच्याच भागात सापडलं, मराठीच्या स्तुतीच्या जवळपास. स्टीफन्स पुराणाला एक चौकट देतात. रविवारची दुपार आहे, देवळात म्हणजे चर्चमध्ये मुलांना ख्रिस्ती शिकवण दिली जाते आहे. तिथे एक ब्राह्मण पाद्रींना विनंती करतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : तुम्ही शिकवता ते चांगलं आहे, पण आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं एखादं पुराण द्या, म्हणजे लोकांना वेळ घालवायला काही राहील. पाद्री मान्य करतात आणि कथा सुरू होते. पुढे हाच श्रोता मधूनमधून शंका विचारतो आणि पाद्री निरसन करतात.

हे वाचल्यावर मराठीच्या स्तुतीच्या ओव्या मला पूर्वीसारख्या दिसेनात. त्या खोट्या झाल्या असं नाही. त्या मनापासून लिहिल्या आहेत याबद्दल मला शंका नाही. जो माणूस चाळीस वर्षं एका भाषेत राहिला, तिच्यात अकरा हजारांच्या घरात ओव्या लिहिल्या, तिच्याच बहिणीचं म्हणजे कोंकणीचं व्याकरणही लिहिलं (ते त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये रायतूरला छापलं गेलं), त्याच्या प्रेमावर शंका घेणं कोतेपणाचं होईल. पण हे प्रेम एका रिकाम्या केलेल्या जागेत उभं आहे. ज्यांच्या हातातून पोथी काढून घेतली, त्यांना नवी पोथी दिली जाते आहे. आणि विशेष म्हणजे ग्रंथ हे लपवत नाही. आपण लपवतो, कारण आपण चारच ओव्या छापतो.

आता इथे दुसरी चूक होऊ शकते आणि मी ती केलीसुद्धा. चौकट सापडल्याबरोबर मी वहीत लिहिलं : “पुरावा मिळाला, स्थानिकांनी पुराणाची मागणी केली.” गाईडनी त्याखाली लाल शाईने फक्त एक प्रश्न लिहिला : बोलतंय कोण?

बोलतात स्टीफन्स. त्या ब्राह्मणाची लेखणी स्टीफन्स यांच्या हातात आहे. श्रोता प्रश्न विचारतो आणि वक्ता कथा सांगतो, ही आपल्या पुराणांची जुनीच रीत. जनमेजय विचारतो, वैशंपायन सांगतात. परीक्षिती विचारतो, शुक सांगतात. स्टीफन्स यांनी ही रीत अचूक उचलली. त्यामुळे तो प्रश्न म्हणजे प्रत्यक्ष घडलेल्या संवादाची नोंद असं धरता येत नाही. पण तो निव्वळ कल्पित म्हणून सोडूनही देता येत नाही, कारण पुराणं बंद झाली ही गोष्ट खरी आहे आणि ती उणीव लोकांना जाणवते आहे हे लेखकाला ठाऊक आहे. म्हणजे ही चौकट कशाचा पुरावा आहे? स्थानिक माणूस काय म्हणाला याचा नाही. एका मिशनऱ्याच्या कानावर काय पडत होतं, आणि त्यातलं काय छापणं त्याला शक्य व योग्य वाटलं, याचा आहे. छापण्यापूर्वी ग्रंथाला धर्मसत्तेच्या परवानग्या घ्याव्या लागल्या हे लक्षात ठेवा. बंदीचा उल्लेख त्या परवानग्यांतून पार झाला, कारण बंदी घालणाऱ्यांना तीत लाजण्यासारखं काही वाटत नव्हतं.

शिकवणारा कुठे गेला?

मिशनऱ्यांची चरित्रं तुम्ही वाचली असतील तर एक साचा ओळखीचा वाटेल. माणूस दूर देशी येतो, हाल सोसतो, भाषा शिकतो, ग्रंथ लिहितो, तिथेच देह ठेवतो. हा साचा खोटा नाही, पण त्यात एक वाक्य फार पटकन उरकलेलं असतं : “त्यांनी स्थानिक भाषा आत्मसात केली.” कुणाकडून? भाषा झाडावरून पडत नाही. मी वाचलेल्या एकाही चरित्रात स्टीफन्स यांना ओवी कुणी शिकवली त्याचं नाव नाही.

ही उणीव एकट्या स्टीफन्स यांची नाही. दोनशे वर्षांनी विल्यम कॅरी यांनी बंगालात बसून 1805 मध्ये मराठी व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी कोश काढला. मागे फोर्ट विल्यम कॉलेजातले वैजनाथ पंडित होते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात वैजनाथांचं नाव निदान आहे तरी. स्टीफन्स यांच्या पंडिताचं तेवढंही नाही.

पण नाव नसलं तरी खूण आहे. ‘ख्रिस्तपुराणा’ला एक गद्य प्रस्तावना आहे आणि माझ्या मते संशोधकासाठी ती त्या प्रसिद्ध ओव्यांपेक्षा मोलाची आहे. तीत स्टीफन्स सांगतात की, परमेश्वराच्या गोष्टी सांगायला या देशातल्या भाषांत मराठी योग्य वाटली, मात्र शुद्ध मराठी मधल्या थरातल्या लोकांना कळत नाही. म्हणून मागच्या कवींचे अवघड शब्द बहुतेक टाळले आणि हल्लीच्या कवींच्या रीतीप्रमाणे ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे आज आपण कोंकणी म्हणू तिच्यातले, सोपे शब्द जागोजागी मिसळले.

हे वाक्य दोनदा वाचा. ‘मागचे कवी’ आणि ‘हल्लीचे कवी’ असा फरक करणाऱ्या माणसाने दोन्ही वाचलेले किंवा ऐकलेले असणार. त्याशिवाय मंगलाचरणापासून ओवीची चाल इतकी अंगात मुरत नाही. म्हणजे ज्या प्रांतात पुराणं वाचायला बंदी होती, तिथे या पाद्रीबाबांनी ती वाचली होती. कुणीतरी वाचून दाखवली होती, अर्थ सांगितला होता, चाल म्हणून दाखवली होती. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात रोमन लिपीत लिहिलेल्या गोव्यातल्या जुन्या पोथ्या आहेत. त्यांत रामायण-महाभारताच्या कथा कोंकणीत आणि मराठीत आहेत. बंदी घातलेला मजकूर बंदी घालणाऱ्यांच्या लिपीत उरला. नवी पोथी लिहिण्यासाठी जुनी पोथी लागलीच.

इथे माझ्या प्रबंधाचा खरा प्रश्न मला मिळाला. “स्टीफन्स यांचं मराठीवर प्रेम होतं का?” हा संशोधनाचा प्रश्नच नाही. त्याचं उत्तर ‘हो’ आलं तरी पुढे काही नाही आणि ‘नाही’ आलं तरी नाही. “बंदीच्या काळात ओवीचं ज्ञान कुणाकडून कुणाकडे आणि कोणत्या मार्गाने गेलं?” हा प्रश्न आहे. त्याला कागदपत्रं लागतात, भाषेची तपासणी लागते, आणि उत्तर अर्धवट आलं तरी ते पुढच्याच्या कामी येतं.

प्रत कुठली?

आता समितीतल्या बाईंचा पहिला प्रश्न. मला तो तेव्हा तांत्रिक वाटला होता.

‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. नंतर 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा. छपाई रोमन लिपीत. या छापील प्रती आज हाती नाहीत. आपण वाचतो ते हस्तलिखितांवरून. 1907 मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला रोमन लिपीतली आवृत्ती काढली. गोव्यातून कर्नाटकाच्या किनाऱ्याला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पोथ्या जपल्या होत्या म्हणून ते शक्य झालं. 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा हा ग्रंथ बहुसंख्य मराठी वाचकांना वाचता येईल असा झाला.

मध्ये एक गंमत झाली. जस्टिन अ‍ॅबट, जे स्वतः अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलेले मिशनरी आणि मराठी संतांच्या चरित्रांचे इंग्रजी अनुवादक, यांना 1920 च्या दशकात लंडनमध्ये मार्स्डेन यांच्या संग्रहात ‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी पोथी मिळाली. त्यांनी जाहीर केलं की, हाच मूळ पाठ. या पोथीत रोमन पाठातल्या अनेक पोर्तुगीज-लॅटिन शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. पुढच्या अभ्यासकांनी प्रश्न उभा केला : हे संस्कृत शब्द आधीचे आणि छापताना बदलले गेले, की पोर्तुगीज शब्द आधीचे आणि नंतर कुणी संस्कृत घातले?

प्रश्न बारीक दिसतो, पण त्यावर सगळं अवलंबून आहे. देवनागरी पाठ मूळ धरला तर स्टीफन्स हे धर्मकल्पनासुद्धा इथल्या भाषेत ओतणारे ठरतात. रोमन पाठ मूळ धरला तर मोक्याच्या जागी ते परका शब्द तसाच ठेवतात, म्हणजे आशय घसरू नये म्हणून सावध आहेत, असं दिसतं. मग देवनागरी पोथी ही दुसऱ्या कुणाच्या तरी, कदाचित इथल्याच ख्रिस्ती माणसाच्या, हाताची खूण ठरते. मला हा दुसरा अर्थ जास्त पटतो, आणि तो जास्त रंजकही आहे. कारण तसं असेल तर मिशनऱ्याच्या ग्रंथाचं उरलेलं मराठीकरण वाचकांनी केलं.

लिपीबद्दल मात्र स्टीफन्स यांची इच्छा काय होती ते कळतं. 1608 मध्ये त्यांनी रोमला संघप्रमुखांना पत्र लिहून, या देशाच्या भाषेत आणि या देशाच्या अक्षरांत पुस्तकं छापावीत अशी कित्येक वर्षांची इच्छा बोलून दाखवली. अडचणी दोन सांगितल्या. एक म्हणजे साचे सहाशेच्या घरात लागतील, युरोपातल्यासारखी चोवीस अक्षरं नव्हेत. दुसरी म्हणजे वरिष्ठांची आज्ञा आणि मदत. ग्रंथ रोमनमध्ये निघाला यात लेखकाची आवड किती आणि छापखान्याची मर्यादा किती, हे वेगळं करायला हे एक पत्र पुरतं. म्हणून सांगते, ग्रंथाबरोबर लेखकाचा पत्रव्यवहारही वाचा.

तुलना करायची तर कुणाशी?

या विषयावरच्या लेखनात एक ठरलेली तुलना येते. चीनमध्ये मॅटिओ रिची (मृत्यू 1610) यांनी कन्फ्युशियन विद्वानाचा वेष घेतला आणि चिनी भाषेत ग्रंथ लिहिले. मदुरैला 1606 मध्ये आलेले रॉबर्टो दे नोबिली संन्याशासारखे राहिले आणि संस्कृत-तमिळ शिकले. तिघेही जेझुइट, तिघेही एकाच काळातले. मग एक परिच्छेद तयार होतो : “या तिघांनी स्थानिक संस्कृतीशी जुळवून घेतलं.”

मीही तो लिहिला होता. त्यात मोठी फट आहे. रिची आणि नोबिली जिथे होते तिथे पोर्तुगीज सैन्य नव्हतं. चिनी अधिकाऱ्याने निघून जा म्हटलं तर रिची यांना निघावं लागलं असतं. मदुरैच्या नायकांच्या राज्यात नोबिली यांच्या पाठीशी तोफ नव्हती. तिथे जुळवून घेणं ही गरज होती, लोकांनी ऐकावं म्हणून पत्करलेली. उलट नोबिलींना त्रास झाला तो स्वतःच्याच चर्चमधल्या लोकांकडून, 1623 मध्ये पोपने निर्णय देईपर्यंत. सासष्टीत तसं नव्हतं. तिथे स्टीफन्स यांनी मराठी न शिकताही सत्ता त्यांच्याच बाजूची होती.

यातून दोन विरुद्ध निष्कर्ष निघू शकतात. एक, गरज नसताना स्टीफन्स यांनी भाषा शिकली म्हणजे त्यांचं प्रेम अधिक निखळ. दोन, सत्तेने जागा आधीच रिकामी करून दिली होती, म्हणून त्यांची गोडी त्यांना फार महाग पडली नाही. मला दोन्ही खरे वाटतात. पण तुलनेत सत्तेचा मुद्दा घेतलाच नाही, तर यांपैकी एकही निष्कर्ष दिसत नाही. तुलना म्हणजे सारखेपणाची यादी नव्हे, हे मी प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षी शिकले. तुम्ही पहिल्या वर्षी शिका.

आणि काव्य म्हणून?

हा प्रश्न टाळू नका, नाहीतर ग्रंथ नुसताच ‘साधन’ होतो. माझं मत स्पष्ट लिहिते. पहिला भाग, म्हणजे जुन्या करारातल्या कथा, जागोजागी लांबतो. सिद्धांत समजावताना ओवी पाठ्यपुस्तकासारखी चालते. शंका विचारणारा ब्राह्मण फार लवकर समाधान पावतो. त्याला नाव नाही, घर नाही, बायको नाही, बाटल्यावर तुटलेले भाऊबंद नाहीत. त्याच्या शंका उत्तराच्या मापाच्या कापलेल्या आहेत. ग्रंथाची सर्वांत मोठी वाङ्मयीन उणीव मला हीच वाटते.

दुसऱ्या भागात, ख्रिस्तजन्मापासून पुढे, ओवी मोकळी होते. तिथे सांगणाऱ्याला पटवून द्यायचं नसतं, गोष्ट सांगायची असते. तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा सुटा, ही ओवीची ठेवण कथेला किती सोयीची आहे ते तिथे कानाला कळतं. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ शब्द येतो तेव्हा आज आपण थबकतो, पण ओवीच्या ओघात तो सहज येतो. त्या शब्दाबरोबर जुन्या श्रोत्याच्या मनात विष्णूही आला असणार. तो येऊ नये अशी व्यवस्था कोणत्याही परवानगीने करता आली नसती.

त्या नाव नसलेल्या ब्राह्मणाचं उत्तर मराठीत यायला तीनशे वर्षं लागली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. ते अमेरिकन मराठी मिशनबरोबर नगरला राहिले, ख्रिस्ती भजनं लिहिली, कीर्तनं केली आणि 1917 मध्ये मिशनच्या चौकटीबाहेर पडले. आता पुराण मागायचं नव्हतं. ‘ख्रिस्तायन’ त्यांनी स्वतः लिहायला घेतलं आणि त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 मधला. नवऱ्याने धर्म बदलल्यापासून तोवरची पाच वर्षं एका बाईच्या घरात काय झालं, ते ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. ‘ख्रिस्तपुराणा’तल्या श्रोत्याच्या मागे जे घर नाही ते इथे आहे. मी आता हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचते. काळ वेगळा, पंथ वेगळा, सत्ता वेगळी, त्यामुळे ही तुलना जपून करावी लागते. पण एका ग्रंथाने काय गाळलं ते कळायला दुसऱ्याची मदत होते.

शेवटी

या विषयावर बोललं की दोन गट पडतात. एक म्हणतो, मराठीचा थोर भक्त. दुसरा म्हणतो, धर्मांतराचं हत्यार. दोघांच्याही हातात त्याच चार ओव्या असतात. अनंत काकबा प्रियोळकर यांच्याकडे बघा. त्यांनी 1958 मध्ये भारतातल्या मुद्रणकलेचा इतिहास लिहिला, त्यात मिशनऱ्यांच्या छापखान्यांचं श्रेय मोजून दिलं. त्याच माणसाने 1961 मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवर पुस्तक लिहिलं. एका पुस्तकाने दुसऱ्याला खोडलं नाही. 1684 मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, तोही याच इतिहासाचा भाग आहे. स्टीफन्स यांनी ज्या भाषेसाठी आयुष्य घातलं, तिच्यावरच त्यांच्या बाजूची सत्ता पुढे उलटली. हे ज्याला एका वाक्यात बसवायचं आहे त्याने संशोधनाच्या फंदात पडू नये.

आराखडा लिहायला बसलात की एवढं करा. तुमच्या विषयातलं सगळ्यात प्रसिद्ध अवतरण घ्या आणि त्याच्या मागची-पुढची वीस पानं वाचा. ते कुठल्या प्रतीतून आलं ते शोधा. त्यात बोलणारा कोण आणि लिहिणारा कोण ते वेगळं मांडा. आणि ज्याने शिकवलं, लिहून घेतलं, वाचून दाखवलं, त्याच्यासाठी वहीत एक कोरी जागा ठेवा, नाव मिळालं नाही तरी.

माझा दुसरा आराखडा मंजूर झाला. त्या बाई या वेळीही समितीत होत्या. त्यांनी विचारलं, “किती ओव्या वाचल्या?” मी म्हटलं, “पहिला भाग पूर्ण, दुसऱ्यातले चाळीस अवस्वरू.” त्या म्हणाल्या, “मग अजून एकोणीस राहिले.”

ते आता वाचते आहे. पुढच्या लेखात रोमन आणि देवनागरी पाठ शेजारी ठेवून तपासायचे कसे ते सांगेन. शंका असतील तर खाली नक्की लिहा.